रोहू-कटल्याचे जिरे आणि प्रथिनांचा हिशेब

रोहूचे अंडे साधारण २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १५ ते १८ तासांत फुटते. बाहेर पडलेल्या पिल्लाचे तोंड अजून उघडलेले नसते, अन्ननलिका अपुरी असते आणि पोटाखाली बलकाची पिशवी असते. पुढचे सुमारे तीन दिवस हा बलकच त्याची शिदोरी असतो. तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस पिशवी आटते, तोंड उघडते आणि पाच-सहा मिलिमीटर लांबीचे, जेमतेम १.४ मिलिग्रॅम वजनाचे ते पिल्लू पाण्यात स्वतः अन्न शोधू लागते. मत्स्यव्यवसायात या अवस्थेला जिरे म्हणतात. एक मिलिलिटरच्या मापात सुमारे ५०० जिरे बसतात आणि लाखभर जिऱ्यांचे एकूण वजन १४० ग्रॅमच्या आसपास भरते. हेच जिरे चांगल्या संगोपन तळ्यात १५ ते २० दिवसांत २५ मिलिमीटरपर्यंत वाढते, त्याला मत्स्यबीज म्हणतात आणि तोवर त्याचे वजन शंभरपटीच्या घरात गेलेले असते.

शंभरपट हा आकडा ऐकायला सोपा वाटतो, पण त्याचा अर्थ असा की या काळात पिल्लाचे वजन दररोज आदल्या दिवसापेक्षा पाव ते एक तृतीयांश भागाने वाढत असते. आयुष्यात पुन्हा कधीही तो मासा या वेगाने वाढत नाही. शरीरातले पाणी वजा केले तर पिल्लाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, कारण या वयात चरबीचा साठा नगण्य असतो आणि वाढ म्हणजे मुख्यतः स्नायू, कल्ले, आतडे आणि कातडी यांची बांधणी असते. ही बांधणी सगळीकडे सारख्या गतीने चालत नाही. डोके, तोंड, कल्ले आणि शेपूट आधी झपाट्याने वाढतात, म्हणजे खाणे, श्वास घेणे आणि पळ काढणे या तीन गोष्टी आधी साधतात, बाकीचे शरीर मागाहून प्रमाणात येते. त्यामुळे जिऱ्यांच्या आहाराचा प्रश्न पहिल्या पायरीवर तरी प्रथिनांचाच प्रश्न आहे.

भारतात हा प्रश्न महत्त्वाचा ठरला तो १९५७ नंतर. त्याआधी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे, कारण हे मासे बंदिस्त तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या गटातल्या, माशांचे प्रजनन घडवून आणले. त्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या तंत्रामुळे हॅचरीत कोट्यवधी जिरे मिळू लागले आणि अडचण एक पायरी पुढे सरकली. मातीच्या संगोपन तळ्यात सोडलेल्या १०० जिऱ्यांपैकी साधारण ३० ते ५० मत्स्यबीजाच्या आकारापर्यंत पोहोचतात. बाकीची पाणकिड्यांच्या, बेडकांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी जातात, पाण्याच्या बिघाडाने मरतात किंवा उपाशी राहतात. भरल्या तळ्यातही पिल्लू उपाशी राहू शकते, आणि त्याचे कारण त्याच्या आतड्यात आहे.

तिकडे वळण्याआधी एक कोडे पाहू. प्रयोगशाळेत केसिन आणि जिलेटिन यांसारखी शुद्ध प्रथिने वापरून, त्यांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत केलेल्या चाचण्यांतून भारतीय कार्पच्या लहान पिल्लांना कोरड्या खाद्यात साधारण ४० ते ४५ टक्के प्रथिने लागतात असे दिसते. आपल्याकडच्या संगोपन तळ्यांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून, बारीक चाळून, पाण्यावर भुरभुरला जातो. चांगल्या पेंडीत ४० ते ४५ टक्के आणि कोंड्यात १२ ते १४ टक्के प्रथिने धरली, तर मिश्रणात ती २८ टक्क्यांच्या आसपास भरतात. गरज ४० ची आणि ताटात २८, तरीही पिल्ले शंभरपट वाढतात. मग उरलेली प्रथिने येतात कुठून?

ती तळ्यातल्या पाण्यातूनच येतात. जिरे सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून नको असलेले मासे मारले जातात, मग शेण, पेंड आणि सुपर फॉस्फेट यांची खते दिली जातात, आणि काही दिवसांत पाण्यात आधी सूक्ष्म शैवाल व त्यावर वाढणारे प्राणी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, तयार होतात. रोटिफर, मोइना, डॅफ्निया अशा या जीवांच्या कोरड्या वजनात ५० ते ६० टक्के प्रथिने असतात. मोठेपणी रोहू पाण्याच्या मधल्या थरात बहुतांशी वनस्पतिजन्य अन्न खातो, मृगळ तळाशी चरतो आणि कटला वरच्या थरात प्लवंग टिपतो. जिरे असताना मात्र तिघेही प्राणी प्लवंगच खातात. पुढे शाकाहाराकडे झुकणारा रोहूही या वयात शिकारी असतो. त्याचे आतडे मोठेपणी शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब होते, पण या वयात ते शरीरापेक्षाही आखूड असते आणि एवढ्याशा नळीत वनस्पतींचा चोथा पचवणे शक्य नसते.

आता आतड्याकडे येऊ. आपल्या जठरात आम्ल असते, ते प्रथिनांच्या घट्ट गुंडाळलेल्या रेणूंची घडी उलगडते आणि पेप्सिन हे विकर त्यांचे मोठे तुकडे करते. उरलेले काम पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाची विकरे करतात. पहिल्यांदा अन्न घेणाऱ्या माशाच्या पिल्लाला जठर नसते, म्हणून आम्लही नसते आणि पेप्सिनही नसते. कार्प कुळातल्या माशांना तर ते पुढे आयुष्यभर येतच नाही. त्यांच्या आतड्याचा सुरुवातीचा भाग फुगीर होऊन साठवणीचे काम करतो आणि घशातले दात अन्न दळतात. पण जिऱ्यांचे घशाचे दातही धड उगवलेले नसतात. तेव्हा प्रथिने पचवण्याचा जवळजवळ सगळा भार ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या स्वादुपिंडातून येणाऱ्या विकरांवर पडतो. आतड्याच्या पेशींच्या काठावरची विकरे, जी लहान तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात, ती पुरती तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर निसर्गाने एक जोडव्यवस्था ठेवली आहे. आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी प्रथिनांचे काही रेणू न पचलेल्या अवस्थेतच गिळतात आणि त्यांचे पचन पेशीच्या आत करतात. ही व्यवस्था चालते, पण संथपणे, आणि आखूड आतड्यातून अन्न फार लवकर बाहेर पडते.

यावरून प्राणी प्लवंगांचे महत्त्व ध्यानात येते. एके काळी असे मानत की भक्ष्याच्या शरीरातली पाचक विकरेच पिल्लाला पचनात मदत करतात. पुढे समुद्री माशांच्या पिल्लांवर केलेल्या मोजमापांत तो वाटा फारच अल्प निघाला. खरा फायदा वेगळा आहे. जिवंत भक्ष्यातली बरीचशी प्रथिने पाण्यात विरघळणारी असतात, त्यात सुट्या अमिनो आम्लांचाही वाटा असतो, शरीर ८० ते ९० टक्के पाण्याचे असते आणि ते हलत असल्यामुळे पिल्लाच्या नजरेत भरते. पेंडीचा कण यातले काहीच करत नाही. तो उष्णतेने आणि दाबाने घट्ट झालेल्या प्रथिनांचा कोरडा तुकडा असतो, स्थिर असतो आणि पिल्लाच्या तोंडापेक्षा मोठा असेल तर त्याच्यासाठी तो नसल्यातच जमा. माझ्या मते ‘इतके टक्के प्रथिने’ हा आकडा मोठ्या माशासाठी जितका उपयोगी आहे, तितका जिऱ्यांसाठी नाही. जिऱ्यांच्या बाबतीत ती प्रथिने कोणत्या आकारात आणि किती पचण्याजोग्या रूपात समोर येतात, हे आधी विचारायला हवे.

ट्रिप्सिनवरच्या या एकतर्फी भिस्तीतून एक धोकाही निघतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला जखडून ठेवणारे घटक असतात. मोठ्या, जठर असलेल्या माशाला त्याचा त्रास होतोच, पण ज्याच्याकडे प्रथिने तोडायला प्रामुख्याने ट्रिप्सिनच आहे, त्या पिल्लाचे त्यामुळे उपासमारीइतके नुकसान होऊ शकते. योग्य उष्णता दिली की हे घटक निकामी होतात, म्हणून सोयाबीन वापरायचे असेल तर ते नीट भाजलेले किंवा प्रक्रिया केलेलेच हवे. शेंगदाणा पेंडीचे दुखणे निराळे आहे. ओलसर जागी साठवलेल्या पेंडीवर बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असे विष तयार होते. पावसाळा हाच जिऱ्यांचा हंगाम आणि पावसाळा हाच पेंडीला बुरशी लागण्याचा हंगाम, त्यामुळे पोते उघडल्यावर कुबट वास आला तर ती पेंड जिऱ्यांना देऊ नये.

जठराचा मुद्दा जिताड्याच्या उदाहरणाने आणखी स्पष्ट होतो. रायगडच्या खाड्यांत मानाचा असलेला आणि गोव्यात चोणक म्हणून ओळखला जाणारा हा मासा मांसाहारी आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त जागेत प्रजनन यशस्वी केले. अंड्यातून निघताना त्याचे पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्याला रोटिफर द्यावे लागतात, आठवडा-दहा दिवसांनी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती निघालेली पिल्ले सुरू होतात आणि साधारण दोन-अडीच आठवड्यांनी त्याच्या शरीरात खरे जठर कामाला लागते. त्यानंतरच त्याला कोरड्या खाद्यावर आणणे सुरक्षित ठरते. घाई केली तर पिल्ले खाद्य तोंडात घेऊनही खंगतात, आणि ज्यांना पचते ती भराभर मोठी होऊन लहान भावंडांना गिळू लागतात. म्हणून जिताड्याच्या हॅचरीत आकारानुसार वेगवेगळे करण्याचे काम काही दिवसांच्या अंतराने सतत चालते. कार्पच्या जिऱ्यांना निदान भाऊबंदकीचा हा जाच नसतो.

मग प्रथिने आधीच पचवून, तुकडे करूनच का देऊ नयेत? हा विचार संशोधकांनीही केला. फ्रान्समध्ये ब्रेस्ट येथील इफ्रेमर या संस्थेत १९९० च्या दशकात युरोपीय सी-बास माशाच्या पिल्लांच्या खाद्यात विकरांनी आधीच तोडलेली मासळीची प्रथिने मिसळून पाहण्यात आली. थोड्या प्रमाणात दिली तेव्हा पिल्ले अधिक जगली आणि आतड्याची परिपक्वता लवकर आली. प्रमाण फार वाढवले तेव्हा मात्र वाढ खुंटली. आतड्यातून अमिनो आम्ले आणि लहान तुकडे आत नेणारी वाहक यंत्रणा मर्यादित असते. सगळे एकदम आले तर काही आधी शिरतात, काही मागे राहतात, आणि पेशीत ज्या वेळी जे हवे ते नसल्यामुळे आधी आलेली अमिनो आम्ले जाळली जातात. शिवाय इतके बारीक तुकडे पाण्यात लगेच विरघळतात. जिऱ्यांसाठी केलेला खाद्याचा कण इतका लहान असतो की त्याच्या वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि त्यातली विरघळणारी द्रव्ये काही मिनिटांत पाण्यात उतरतात. हे टाळण्यासाठी कणाला बांधून ठेवणारे किंवा त्यावर सूक्ष्म आवरण देणारे तंत्र वापरावे लागते, आणि असे खाद्य महाग पडते.

वरच्या परिच्छेदातला ‘ज्या वेळी जे हवे ते’ हा भाग थोडा उलगडायला हवा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची ठरावीक क्रमाने ओवलेली माळ. वीसपैकी दहा अमिनो आम्ले माशाला स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच यावी लागतात. जॉन हॅल्व्हर यांनी १९५७ मध्ये चिनूक सॅमनवर केलेल्या कामातून ही यादी प्रथम स्पष्ट झाली आणि नंतर तपासलेल्या इतर माशांतही तीच दहा आढळली. माळ ओवताना एका जातीचा मणी संपला तर इतर मणी ढिगाने असूनही ओवणे थांबते. शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मिथिओनिन या दोन मण्यांची टंचाई असते. सोयाबीनमध्ये लायसिन चांगले असते पण मिथिओनिन कमी पडते. सुकवून दळलेल्या मासळीत, म्हणजे फिशमीलमध्ये, दोन्ही पुरेशी असतात, आणि प्राणी प्लवंगांतही असतात. म्हणून नुसत्या पेंडीत भरमसाट वाढ केली तरी तिच्यातली सगळी प्रथिने शरीर बांधायला उपयोगी पडत नाहीत. पेंडीच्या जोडीला थोडे फिशमील आणि भरपूर प्लवंग असले, तर तीच पेंड अधिक कामी येते.

जी अमिनो आम्ले बांधणीत खपत नाहीत, त्यांचे काय होते? मासा ती जाळून ऊर्जा मिळवतो. माशांची पिल्ले तर ऊर्जेसाठी मोठ्या प्रमाणावर अमिनो आम्लांवरच अवलंबून असतात, कारण पिष्टमय पदार्थ वापरण्याची त्यांची क्षमता या वयात तोकडी असते. जळताना सुटणारा नायट्रोजन आपण युरिया करून बाहेर टाकतो, मासा मात्र बहुतांश अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. यात त्याची ऊर्जा वाचते, पण ज्या पाण्यात तो राहतो तेच पाणी बिघडते. न खाल्लेली पेंड तळाशी सडून त्यात आणखी अमोनियाची भर घालते. शैवाल दाट झालेल्या तळ्यात दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो, आणि सामू व तापमान वाढले की अमोनियाचे विषारी रूप वाढते. पहाटे उलट गोष्ट घडते, रात्रभर श्वसन होऊन पाण्यातला ऑक्सिजन तळ गाठतो आणि जिरे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. उदार हाताने पेंड टाकणाऱ्याच्या तळ्यावर हे दृश्य आधी दिसते.

खाद्याच्या पोत्यावरच्या आकड्याबद्दलही दोन शब्द. तिथे लिहिलेले ‘क्रूड प्रोटीन’ बहुधा प्रत्यक्ष प्रथिने मोजून काढलेले नसते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान कॅल्डाल यांनी १८८३ मध्ये बसवलेल्या पद्धतीने नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. पद्धत भक्कम आहे, पण तिला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही. युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेल्या दूध भेसळीत मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन नेमके याच कारणासाठी वापरले गेले होते. शिवाय केसातली, पिसातली आणि दुधातली प्रथिने या पद्धतीला सारखीच दिसतात. जिऱ्यांच्या आतड्याला ती सारखी नसतात.

आता तळ्यावरचा हिशेब. रूढ पद्धतीप्रमाणे पहिले पाच दिवस जिऱ्यांच्या सुरुवातीच्या वजनाच्या चौपट आणि पुढचे दहा दिवस आठपट खाद्य रोज देतात. लाख जिऱ्यांचे वजन १४० ग्रॅम, म्हणून आधी रोज ५६० ग्रॅम आणि नंतर १,१२० ग्रॅम. पंधरा दिवसांत एकूण १४ किलो. त्यात २८ टक्क्यांनी जवळजवळ ४ किलो प्रथिने गेली. लाखातली ४० हजार पिल्ले वाचली आणि प्रत्येकी ०.१५ ग्रॅमची झाली असे धरले, तर हाती ६ किलो मत्स्यबीज येते आणि त्यातली प्रथिने पाऊण किलोच्या आसपास भरतात. त्या पाऊण किलोतलाही बराच भाग प्लवंगांतून आलेला असतो. म्हणजे भुरभुरलेल्या पेंडीचा मोठा हिस्सा थेट पिल्लाच्या पोटात न जाता खत होऊन प्लवंगांमार्गे त्याच्यापर्यंत पोहोचतो किंवा वाया जातो. दुसरी गोष्ट अशी की १४ किलो ही मात्रा एका हंगामाच्या खर्चात किरकोळ आहे. मोठ्या माशांच्या खाद्यात किलोमागे दोन रुपये वाचवणे समजण्यासारखे आहे, जिऱ्यांच्या खाद्यात ती काटकसर मला निरर्थक वाटते.

प्लवंग पुरेसे आहेत की नाहीत, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तळ्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून ५० लिटर पाणी बारीक प्लवंग जाळीतून गाळतात, जाळीच्या टोकाच्या नळीत जमलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात आणि थोडा वेळ स्थिर ठेवतात. तळाशी एक ते दोन मिलिलिटर थर बसला तर तळे जिरे सोडायला योग्य मानतात. थर हिरवा असेल तर त्यात शैवालच अधिक आहे, फिकट तपकिरी असेल आणि नळी उजेडात धरल्यावर बारीक ठिपके टुणटुण हलताना दिसले तर प्राणी प्लवंग आहेत. सायक्लॉप्ससारखे काही मोठे प्लवंग स्वतःच नाजूक जिऱ्यांना इजा करतात, त्यामुळे खत घातल्यावर जिरे सोडायला फार उशीर करणेही बरे नाही. सुरुवातीला लहान रोटिफर आणि काही दिवसांनी मोठे मोइना, हा क्रम पिल्लाच्या वाढत्या तोंडाशी जुळला पाहिजे.

पंधरा-वीस दिवसांनी मत्स्यबीज दुसऱ्या तळ्यात जाते आणि दोन-तीन महिन्यांत बोटुकली होते. तोवर आतडे लांबलेले असते, विकरे स्थिरावलेली असतात आणि घशाचे दात काम करू लागलेले असतात. रोजच्या वाढीचा दरही बराच खाली आलेला असतो, त्यामुळे खाद्यातल्या प्रथिनांची गरज ३० ते ३५ टक्क्यांवर येते आणि विक्रीच्या आकाराकडे जाणाऱ्या माशाला २५ ते ३० टक्के पुरतात. कार्प आता पिष्टमय पदार्थ चांगले वापरू शकतात, म्हणून कोंड्याचे किंवा मक्याच्या भरड्याचे प्रमाण वाढवले तर ऊर्जा त्यातून मिळते आणि प्रथिने बांधणीसाठी वाचतात. विदर्भातल्या मालगुजारी तलावांत किंवा धरणांच्या जलाशयांत बीज सोडताना बोटुकलीचा आग्रह धरला जातो, तो तिच्या आकाराच्या बीजाला टिपू शकणारे शिकारी मासे कमी असतात म्हणून. पण त्याच वजनाच्या दोन बोटुकल्यांपैकी एक लवकर त्या आकाराला पोहोचलेली आणि दुसरी अर्धपोटी राहून उशिरा पोहोचलेली असू शकते. बीज घेताना ढिगातल्या एखाद्या मोठ्या नगावर न जाता हापात, म्हणजे बीज ठेवायच्या जाळीच्या पेटीत, हात घालून सगळी एकसारखी आहेत का, डोके मोठे आणि धड सडपातळ अशी किती आहेत, हे पाहावे. मोठे डोके आणि बारीक धड ही जिरे असतानाच्या उपासमारीची खूण असते.